विषयांचा रकाना : लोहगावच्या एका मुलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातल्या लोहगावच्या धावपट्टीपासून फार लांब नसलेल्या एका मराठी शाळेत आम्ही चौघं दर शनिवारी विज्ञान मंडळ चालवतो. या भागात शिकवायचं तर एक सवय अंगवळणी पडते. हवाई दलाचं सुखोई उडालं की वाक्य अर्ध्यावर सोडायचं, आवाज ओसरला की तिथूनच उचलायचं. मुलंही तोवर पेन खाली ठेवून गप्प बसतात. वर मान करून बघत कुणीच नाही, रोजचंच आहे. एक मुलगी मात्र दर वेळी खिडकीशी जायची. हे प्रकरण तिचं.

ओळख पटेल असे तपशील बदललेत किंवा गाळलेत. घरात तिला 'मोठी' म्हणतात, इथेही तेच म्हणते. तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान ती धाकटी. वडील भोसरीला फिटर, आई घरून डबे देते. घर दीड गुंठ्यात, वर पत्रा, आणि खरेदीचा कागद नोटरीचा, म्हणजे नोंदणी न झालेला. हा नोटरीचा कागद पुढे पुन्हा येईल.

जानेवारी 2019 मध्ये, मोठी नववीत असताना, आम्ही एका विमान कंपनीतल्या फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, मुलीला शाळेत बोलावलं. तिच्याआधी मी दहा मिनिटं स्लाइड दाखवल्या. 1985 साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी फोकर फ्रेंडशिप विमान कलकत्त्याहून सिलचरला नेलं आणि त्या विमानातल्या सगळ्या कर्मचारी महिला होत्या, हे सांगितलं. 2016 मध्ये हवाई दलात दाखल झालेल्या पहिल्या तीन महिला फायटर पायलट दाखवल्या. भारतात महिला वैमानिकांचं प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास आहे, जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त, हेही मोठ्या अभिमानाने सांगितलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग पायलट बोलली आणि प्रश्न सुरू झाले. पगार किती? विमानात बाथरूमला जाताना कोण चालवतं? वीज पडली तर? कार्यक्रम झकास झाला. फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकले. आमच्या हिशेबी काम फत्ते.

मोठीने सभागृहात काही विचारलं नाही. मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होते तेव्हा ती आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, चष्मा असला तर चालतं का?"

पायलट तोवर गाडीत बसली होती. मी वायर गुंडाळतच म्हणाले, "एअर फोर्सला अवघड असतं गं." माझ्या भावाने एकेकाळी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची, तयारी केली होती, त्यातलं कानावर पडलेलं. ती "बरं" म्हणाली आणि गेली. सगळं मिळून अर्धं मिनिट.

खोडदची सहल

पुढच्याच महिन्यात, 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनासाठी, नारायणगावजवळच्या खोडदला मुलांना घेऊन गेलो. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना परिसरात पसरलेल्या आहेत. वार गुरुवार, म्हणजे भोसरीच्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी, म्हणून मोठीचे वडीलही बसमध्ये चढले. आम्हाला त्यांचा उपयोग मुलं मोजायला होईल एवढंच वाटलं होतं.

अँटेनाखाली उभे राहून ते गृहस्थ वीस मिनिटं वरच बघत होते. मग म्हणाले, "एवढ्या ताटलीला पत्रा नाही हो मॅडम, नुसती जाळी आहे. वाऱ्याला वाट करून दिलीय." नेमकं तेच होतं. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतली ती रचना अशीच आहे : ताणलेल्या दोरांना बांधलेली तारेची बारीक जाळी. मीटरभर लांबीच्या लहरींना ती जाळी अखंड आरशासारखीच असते, वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे वजन कमी, खर्च कमी. बाप-लेक दोघं तिथल्या एका तरुण अभियंत्याला गाठून एवढी मोठी अँटेना वळवणाऱ्या मोटारी आणि गिअरबद्दल विचारत राहिले. बस त्यांच्यासाठी थांबली.

त्या दिवशी वडिलांनी जे पाहिलं ते वैमानिकेच्या भाषणाने झालं नसतं असं मला आज वाटतं. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

अडचण

दहावीच्या परीक्षेत मार्च 2020 मध्ये भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि सगळं बंद झालं. देशांतर्गत विमानं 25 मार्चपासून दोन महिने जमिनीवर होती. लोहगावचं आकाश सुनं पडलं. आई तेव्हा फोनवर म्हणाल्याचं आठवतं, "आता विमानंच बंद, मॅडम. पायलट लोकांचे पगार कापलेत म्हणे."

अकरावीचे प्रवेश त्या वर्षी रखडले. मराठा आरक्षणाला सप्टेंबरमध्ये स्थगिती आली, प्रक्रिया थांबली, ती नोव्हेंबरअखेर पुन्हा सुरू झाली. मोठीला विज्ञान शाखा मिळाली. पण केंद्रीय प्रवेशात फक्त शाखा ठरते. विषय ठरतात कॉलेजच्या स्वतःच्या फॉर्मवर. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी आईच्या मोबाइलवर तो फॉर्म उघडला गेला. विषयांचा रकाना आला : फिजिक्स, केमिस्ट्री, बायो ठरलेलेच, चौथ्या ठिकाणी गणित किंवा दुसरं काहीतरी.

मामा एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला आहेत. त्यांचं मत, "बायो घे. नर्सिंग, फार्मसी, लॅब, कुठेही चिकटेल. पोरीच्या जातीला गावोगाव नोकरी मिळते." आईचा हिशोब निराळा होता आणि तो चुकीचा नव्हता. क्लासवाल्याने तीन विषयांची आणि चार विषयांची फी वेगवेगळी सांगितली होती, त्यात गणित सगळ्यात महाग. डब्यांचा धंदा टाळेबंदीत निम्म्यावर आला होता. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "चालेल." गणित गेलं.

मला हे कळलं मार्च 2021 मध्ये. लहान मुलांसाठी कागदी विमानांचं एक ऑनलाइन सत्र घ्यायचं होतं, म्हणून तिला मदतीला बोलावलं. बोलता बोलता कळलं की गणित सोडलंय.

"का गं? तुला तर गणित आवडायचं."

"पायलटला चष्मा चालत नाही ना. तुम्हीच म्हणाला होतात. मग गणित ठेवून काय करायचं?"

माझं उत्तर एअर फोर्सबद्दलचं होतं, तेही अर्धवट. तिने ते सगळ्या विमानांना लावलं, आणि चौदा वर्षांच्या मुलीने दुसरं काय करावं? नागरी वैमानिकाला चष्मा चालतो. चष्मा लावून नजर ठरलेल्या निकषात बसली की पुरे. रंग ओळखता न येणं ही खरी अडचण असते. तिचा नंबर उणे दोन होता. म्हणजे दोन वर्षांपूर्वी मी वायर खाली ठेवून पायलटच्या गाडीपर्यंत चालत गेले असते, तर तिला खरं उत्तर मिळालं असतं.

पर्यायांचा विचार

एप्रिलमध्ये व्हिडिओ कॉलवर बसलो. आमच्या बाजूला मी आणि मंडळातले एक निवृत्त प्राध्यापक, त्यांच्या बाजूला आई, वडील, मोठी, आणि मधूनच कॅमेऱ्यात तोंड घालणारी धाकटी.

आधी एक गोष्ट स्पष्ट करावी लागली. मुलींना विमान म्हटलं की वैमानिकच दिसते, कारण आम्ही तीच दाखवली होती. म्हणून विमानाभोवतीची कामं एकेक करून मांडली. व्यावसायिक वैमानिकाला तेव्हाच्या नियमांप्रमाणे बारावीला फिजिक्स आणि गणित हवं, अठरा वर्षं पूर्ण हवीत, दोनशे तासांचं उड्डाण हवं. विमानाची देखभाल करणाऱ्या एएमईला बारावीला गणित लागतं. विमानतळ प्राधिकरणात हवाई वाहतूक नियंत्रक व्हायचं तर फिजिक्स-गणिताची बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग. हवामानशास्त्राकडे वळायचं तरी तोच रस्ता. ही शेवटची गोष्ट पुण्यात सांगायला सोपी पडली. अ‍ॅना मणी 1948 मध्ये इथल्याच हवामान खात्यात आल्या आणि जवळजवळ शंभर हवामान उपकरणांच्या आराखड्यांचं प्रमाणीकरण त्यांनी करून घेतलं. वडिलांना ते 'आराखडे' फार आवडले.

थोडक्यात, गणित सोडल्यामुळे एकट्या वैमानिकाचाच नाही, त्या बाजूचा जवळपास प्रत्येक दरवाजा बंद झाला होता. ते मोठीलाही त्या कॉलवर पहिल्यांदाच कळलं.

कॉलेजला विचारलं. विषय बदलायची मुभा पहिल्या चाचणीपर्यंतच होती, ती उलटून गेली होती. अकरावी पुन्हा करायची तर एक वर्ष जाणार आणि प्रवेश पुन्हा मिळेल याची खात्री नाही. आई या पर्यायाला सरळ नाही म्हणाल्या. तिसरा मार्ग प्राध्यापकांनी सुचवला : बारावी बायो घेऊनच पूर्ण करायची आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, गणित हा एकच विषय नंतर द्यायचा. चौथा पर्याय होता नर्सिंगचा. तो आम्ही मुद्दाम कमी लेखला नाही. मामांचं म्हणणं निव्वळ जुनाट नव्हतं. नर्सिंगची पदवी घेतलेली त्यांची मेहुणी घर चालवत होती, आणि आमच्याकडे दाखवायला अशी एकही मुलगी नव्हती.

मग पैशांचा विषय निघाला. बारामती, धुळे, गोंदिया, सगळीकडे उड्डाण शिकवणाऱ्या संस्था आहेत, महाराष्ट्राबाहेर जायचीही गरज नाही. पण लायसन हातात येईपर्यंत चाळीस-पन्नास लाख, आणि नोकरीसाठी विशिष्ट विमानाचं टाइप रेटिंग करायचं तर त्याचे वेगळे. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते. तारण म्हणजे घर, आणि घराचा कागद नोटरीचा. वडील थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे पायलट हे आपलं काम नाही."

मी त्यांना थांबवायला गेले तेव्हा प्राध्यापकांनी मला थांबवलं. खोटी आशा दाखवू नका, असं त्यांनी नंतर सांगितलं. मला तेव्हा राग आला. आज वाटतं, त्या क्षणी तेच बरोबर होते. अगदी नाही म्हणण्याऐवजी "आत्ता नाही" म्हणता आलं असतं, एवढाच माझा आक्षेप उरलाय.

ऑगस्ट 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना एनडीएची परीक्षा देऊ द्या असा आदेश दिला आणि एनडीए जिथे आहे त्या खडकवासल्याचं नाव घराघरात पोचलं. मोठी नेमकी त्या वयात बसत होती. पण त्या परीक्षेत गणिताचा स्वतंत्र तीनशे गुणांचा पेपर असतो. तिने दोन दिवस विचार केला आणि सोडून दिला. मे 2025 मध्ये पहिल्या तुकडीतल्या सतरा मुली तिथून बाहेर पडल्या तेव्हा तिने मला बातमीची लिंक पाठवली. सोबत काही लिहिलं नव्हतं.

काय केलं

तिसरा पर्याय ठरला. मार्च-एप्रिल 2022 मध्ये तिने बायोसकट बारावी दिली. एनआयओएसला गणितासाठी नाव घातलं आणि परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सत्रात द्यायची ठरवली. म्हणजे एक वर्ष गेलंच. दीड वर्षापूर्वी आई ज्या गोष्टीला नाही म्हणाल्या होत्या ती वेगळ्या वाटेने झाली. फरक इतका की हातात बारावीचा निकाल होता आणि नर्सिंगचा दरवाजा उघडा होता. आई तेवढ्यावर राजी झाल्या.

दर रविवारी प्राध्यापकांच्या घरी, विश्रांतवाडीला, अभ्यास. तिला अवघड गेलं ते इंटिग्रेशन, कारण अकरावीची त्रिकोणमिती मुळातच झाली नव्हती. दोन महिने ते दोघं मागेच गेले, साइन-कोसाइनपर्यंत. सप्टेंबरात ती एकदा रडली आणि "नर्सिंगचा फॉर्म अजून भरता येईल का बघा" म्हणाली. आम्ही तारखा शोधून दिल्या. फॉर्म तिने भरला नाही. गणितात अठ्ठावन्न मिळाले.

त्याच काळात एका गोष्टीचा आम्ही आग्रह धरला : डोळे तपासून घे. रंगांची नजर तपासणाऱ्या इशिहाराच्या ठिपक्यांच्या पुस्तिकेवर तिला सगळे आकडे दिसले. पाच मिनिटांचं काम. 2019 मध्येच आमच्या सभागृहात एखादा नेत्रतज्ज्ञ आणला असता, तर वैमानिकेच्या भाषणाइतकाच उपयोग झाला असता, आणि टाळ्या कमी पडल्या असत्या.

निष्पत्ती

2023 मध्ये तिने फिजिक्स घेऊन बीएस्सीला प्रवेश घेतला, सोबत गणित. आत्ता ती तिसऱ्या वर्षाला आहे आणि विमानतळ प्राधिकरणाच्या ज्युनियर एक्झिक्युटिव्ह परीक्षेची तयारी करते आहे. हवाई वाहतूक नियंत्रक व्हायचंय. निकाल काय लागेल ते पुढे कळेल, म्हणून याला यशोगाथा म्हणणं मी टाळते. वैमानिक व्हायचं तिच्या मनातून गेलंय का, असं मी विचारलं होतं. "नोकरी लागली की माझ्या पगारावर बघू," म्हणाली.

घरात एक नवीनच वाद आहे. लोहगावच्या ज्या नियंत्रण टॉवरकडे बघत ती वाढली, तो हवाई दलाचा आहे. तळ त्यांचा, विमानांचं नियंत्रणही त्यांचं. प्रवासी टर्मिनल तेवढं नागरी. म्हणजे नोकरी लागलीच तर पुण्याबाहेर जावं लागणार. आई म्हणतात, "एवढं शिकून पोरगी नागपूरला नाहीतर गुवाहाटीला." वडील काही बोलत नाहीत. खोडदला वर बघत होते तसेच बसतात.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं माझं स्वतःचं. विद्यार्थ्याचा खरा प्रश्न सभागृहात येत नाही. तो प्रोजेक्टर बंद झाल्यावर, दाराशी, पाण्याच्या टाकीपाशी येतो. आता आम्ही पाहुण्यांना कार्यक्रमानंतर अर्धा तास थांबायची विनंती करतो आणि चहा वर्गातच देतो, म्हणजे त्या टाकीपाशी कुणीतरी असतं. आणि माहीत नसेल तर "माहीत नाही, विचारून सांगते" असं म्हणतो. हे वाक्य शिकायला मला एका मुलीचं एक वर्ष लागलं.

दुसरं वेळेबद्दल. नववीत प्रेरणा दिली आणि अकरावीच्या फॉर्मच्या वेळी आम्ही कुठेच नव्हतो. महामारी होती हे खरं, पण ती नसती तरी नसतोच, कारण आमचं मंडळ शाळेचं आणि शाळा दहावीला संपते. निर्णय मात्र दहावीनंतरच्या त्या दोन आठवड्यांत, स्वयंपाकघरात, आईच्या मोबाइलवर होतो. आता जून-जुलैमध्ये आम्ही भाषण ठेवत नाही. शाळेत एक टेबल मांडतो आणि कॉलेजचे फॉर्म समोर ठेवून बसतो. फी, हॉस्टेल, कर्जाचं तारण, चष्मा, कोणत्या विषयाने काय बंद होतं, एवढंच बोलतो. वार्षिक आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक पदव्यांची फी माफ करण्याचा राज्य सरकारचा निर्णय 2024 मध्ये आला, तेव्हापासून इंजिनिअरिंगबद्दलचे प्रश्न वाढलेत. तो निर्णय चार वर्षं आधी आला असता तर मामांचं पारडं थोडं हलकं झालं असतं.

तिसरं, वडिलांना मी फुकट घालवलं. जो माणूस जाळीची अँटेना बघून वाऱ्याचा विचार करतो, त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं की तुमची मुलगी हे शिकू शकते आणि त्याला गणित लागतं. मी त्यांना मुलं मोजायला लावलं. डिसेंबरच्या त्या संध्याकाळी ते दुसऱ्या पाळीला होते. विषय ठरला तेव्हा घरी नव्हते.

प्राध्यापकांचं आणि माझं एका बाबतीत अजून जुळत नाही. त्यांच्या मते सरसकट सगळ्या मुलींना गणित ठेवायला सांगावं, नको असेल तर पुढे सोडता येतं. मला ते पटतं आणि पटत नाही. चौथ्या विषयाची क्लासची फी त्यांना भरायची नसते.

गेल्या जूनमध्ये आईचा फोन आला. धाकटीला सायन्स मिळालं होतं. "मॅडम, तोच रकाना समोर आहे. मोठी म्हणते गणित ठेव. ही म्हणते नको. सही माझी आहे."

धाकटीला फोन द्या म्हटलं. तिला फार्मसी करायची होती, ती बायोवरही होते हे तिने शोधून ठेवलं होतं, सीईटीला कोणते विषय चालतात ते पाठ होतं, आणि गणित तिला खरंच आवडत नव्हतं. "ताईसारखं विमानाचं डोक्यात नाही माझ्या," म्हणाली. दहा मिनिटं बोलत होती. मागे सुखोई उडालं, ती थांबली, आवाज गेल्यावर तिथूनच पुढे बोलायला लागली.

आईने बायोवर सही केली.